धाकलीची भरपाई

माझ्या गाडीला आमच्या रिहे गावात सगळे 'धाकली' म्हणत. ते नाव माझ्या बायकोनं, रत्नानं ठेवलं.

मी पुण्यात एका शेठकडे बरीच वर्षं ड्रायव्हर होतो. शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काळी गाडी माझ्या राहिलेल्या पगारात मला देऊन टाकली. ती घेऊन मी गावी आलो. रत्नानं दारात येऊन गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला, चाकांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, निदान आधी सांगायचं तरी." त्या दिवसापासून ती थोरली आणि गाडी धाकली.

गावानं तो शब्द उचलला. "तात्या, धाकली रिकामी हाय का?" म्हणजे गाडी भाड्यानं मिळेल का. "धाकली रुसली वाटतं," म्हणजे गाडी बंद पडली. परक्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार कोणी केला नाही. मीही केला नाही.

रत्ना गाडीला माझ्यापेक्षा जास्त जपायची. जुन्या धोतराच्या फडक्याला खोबरेल तेलाचं बोट लावून ती दारं पुसायची. "सवतीचं तोंड रोज पुसतीया, काय माझं नशीब," असं म्हणत पुसायची. पुढचं डावीकडचं दार तिचं. ते इतकं चकचकीत होतं की बाहेर जाताना ती त्यात बघून कुंकू ठीक करायची.

मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. दारं पुसायचं काम माझ्याकडे आलं, ते मी केलं. तिच्या भातखाचराचं कामही माझ्याकडे आलं, ते मी केलं नाही. भात लावायची वेळ गेली आणि खाचर तसंच पडून राहिलं. गाडीही फारशी बाहेर काढली नाही. काढली तरी पुढच्या सीटवर कोणाला बसू दिलं नाही. विचारलं तर सांगायचो, सीट मोडकी आहे.

असं बसून राहिलं की पैसा संपतो. पुण्याचा एक गॅरेजवाला गाडी मोडीत घ्यायला तयार होता. मी मनाशी ठरवलं, या लगीनसराईत भाडी मिळाली तर धाकली राहील, नाही मिळाली तर द्यायची. पहिलं भाडं शेजारच्या रंभाकाकीचं होतं. तिची जया सूसला दिली होती आणि तिची पाठवणी माझ्या गाडीतून करायची होती. सूसच्या पाहुण्यांनी गाडी बघितली की पुढची भाडी मिळतील, असा माझा हिशेब.

त्या वर्षी भात कापून झाल्यावर देशावरनं एक नवा धनगर मेंढरं घेऊन आमच्या खोऱ्यात उतरला. पिराजी त्याचं नाव. काकीची फार इच्छा होती की त्यानं मेंढरं तिच्या खाचरात बसवावीत. मेंढरं रात्री रानात बसली की लेंडीनं रान खतावतं, त्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, अशी आमच्याकडे रीत. पण पिराजीनं घोटवड्याच्या लोकांना शब्द दिला होता आणि तो काकीला हो म्हणत नव्हता.

एका दुपारी मी काकीच्या पडवीत चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात माझ्या घराकडून धाडकन आवाज आला. काकी म्हणाली, "तुझं पत्र्याचं पिंप पडलं बघ." पिंप माझ्याकडे नव्हतंच. मी धावलो.

आंब्याखाली गाडी उभी होती आणि डावीकडचं पुढचं दार आत गेलं होतं. काच फुटली होती. काकीचा पुतण्या भैरू बांधावर उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं.

"तात्या, धनगराचा एडका आला, दाराम्होरं थांबला. मान वाकडी करून बघितलं. दारातल्या एडक्यानं बी मान वाकडी केली. ह्यानं फुरफुर केलं. त्यानं बी केलं. मग ह्यो मागं सरला..."

"आणि तू काय केलंस?"

"म्या बघितलं की. दोघं बी तयारीत हुते."

दार उघडेना आणि नीट बसेनाही. मी ते दोरीनं बांधलं आणि पुण्याला पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. दार काढून, ठोकून, पोचा भरून, रंग देऊन, काच बसवून, असं त्यानं बोटांवर मोजलं आणि आकडा सांगितला. तो ऐकून मी दोरी आणखी एक गाठ मारून घट्ट केली.

तिथून विम्याच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, "तुमचा विमा तुम्ही दुसऱ्याला धडक दिलीत तर. इथे त्यानं दिली, म्हणजे त्याच्या विम्यातून घ्या. समोरची पार्टी कोण?"

"एडका," मी म्हणालो.

त्यानं ते लिहून घेतलं. "हे आडनाव झालं. पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते कळलं नाही. ओळखीच्या एका वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले, मालकाकडून भरपाई मागता येईल, पण नोटीस लावायला पत्ता लागतो. ज्याचा तळ आज इथं आणि उद्या तिथं, त्याच्या कोणत्या दाराला नोटीस लावणार?

घरी आलो तर काकी वाट बघत होती. दोरीकडे बघून म्हणाली, "जयसिंगा, माझी जया दोरीनं बांधलेल्या गाडीतनं सासरी जायची न्हाई. सूसची माणसं म्हणतील, पोरगी दिली का बकरं."

"करतो काहीतरी, काकी."

"एडक्याचा इमा न्हाई व्हय?"

"नाही."

"मग त्याला रस्त्यावर सोडलाच कसा?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. दार नीट झालं नाही तर हे भाडं जाणार होतं, आणि हे गेलं की गॅरेजवाला होताच.

मी भैरूला पिराजीच्या तळावर पाठवलं. त्यानं निरोप अगदी बरोबर सांगितला, असं तो आजही म्हणतो. तो निरोप असा: "तुज्या एडक्यानं जयसिंगतात्यांच्या धाकलीला धडक दिली. डावी बाजू पार आत गेली. भरपाई घेऊन ये, न्हाईतर तात्या कोरटात जात्यात."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पिराजी आला. उंच, हाडकुळा माणूस, अंगावर घोंगडी, रात्रभर झोपला नसावा असा चेहरा. सोबत त्याची बायको तानूबाई. तिच्या हातात टोपली. टोपलीत हिरवा खण, नारळ, बांगड्या, हळदीचं गाठोडं आणि तुपाचं मडकं. पिराजीच्या खांद्यावर एक करडू होतं. मला वाटलं, हे काकीकडे लग्नाचा आहेर घेऊन चाललेत, वाटेत थांबलेत.

दोघं अंगणात बसली. तानूबाईनं घराकडे बघत हळूच विचारलं, "दादा, कशी हाय आता?"

"आहे तशीच आहे. काल पुण्याला दाखवून आणली."

"कुटं लागलंय?"

"डाव्या बाजूला. पार आत गेलंय."

"आगं आई! रगत लई गेलं का?"

तिकडची बोली असेल, असं मला वाटलं. "रक्त कसलं, रंग गेला."

पिराजीनं बायकोकडे बघितलं. "रंग पार गेला म्हंत्यात," तो पुटपुटला.

"सुद्दीवर हाय न्हवं?" तानूबाई म्हणाली.

"सकाळी गार पडली होती. मी चार वेळा हँडल मारलं तेव्हा जागी झाली."

"मारलं?"

"मारावंच लागतं. थंडीत तशी उठतच नाही ती. मग थोडी थरथरली, मागून धूर सोडला आणि सुरू झाली. बादलीभर पाणी पाजलं."

तानूबाईनं टोपली जवळ ओढून घेतली. तिचा आवाज बदलला. "दादा, आमची चूक हाय, आमी पाया पडतो. पर जखमी बाईला असं करू नये. कुटं निजवलीया तिला?"

'बाई' हा शब्द माझ्या कानावर पडला, पण बायका गाडीबद्दल असंच बोलतात. रत्नाही बोलायची. मी म्हणालो, "बाहेर आहे, आंब्याखाली."

"उघड्यावर? थंडीची? घरात न्हाई घेत?"

"दारातून मावत नाही ती."

पिराजीनं करडू खांद्यावरून खाली ठेवलं आणि जपून विचारलं, "कुठल्या गावची हाय?"

"पुण्याची. आधी माझ्या शेठकडे होती. त्यांनी नवी आणली, मग ही मला दिली."

तानूबाई उठून उभीच राहिली. "उठा ओ," ती नवऱ्याला म्हणाली. "असल्या घरात बसायचं न्हाई. मी त्या बाईला घेऊन जाती तळावर."

"घेऊन कशी जाणार?" मी म्हणालो. "दोरीनं बांधलीय."

मग मात्र ती पुढं आणि आम्ही मागं, असं घराच्या पलीकडे गेलो. आंब्याखाली गाडी उभी होती. तानूबाईनं गाडीच्या मागं बघितलं, वाकून खाली बघितलं, आत बघितलं.

"कुटं हाय?"

"ही काय," मी दाराला हात लावून म्हणालो. "ही धाकली."

पिराजी मटकन खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. पण तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं की रात्रभराच्या भीतीचं, कोण जाणे. माझ्याही डोक्यात आता कुठं उजेड पडला, आणि आपण काय काय बोललो ते आठवून मी कानापर्यंत तापलो.

"आवो, मी रातभर जागा हाय," पिराजी म्हणाला. "म्हणलं बाई मेली तर मला फाशी हाय. आन् ह्यो पत्रा?"

"पत्रा असला तरी भरपाई पाहिजे. तुझ्या एडक्यानं मोडलाय."

आता भीती गेली होती, त्यामुळे पिराजीला बोलायला बळ आलं. त्यानं दार निरखून बघितलं. ज्या भागाला धक्का लागला नव्हता तिथं त्याला स्वतःचं पागोटं दिसलं. "दादा, माझा एडका आपणहून कधी कुणाच्या वाटंला जात न्हाई. तुमच्या दारात दुसरा एडका हुता. त्यानं आधी डोळं वटारलं."

"तो त्याचाच चेहरा होता!"

"ते आमच्या एडक्याला कसं कळावं? तो शिकलेला हाय का? आन् शिंगाचं काय? एक शिंग टोकाला पिचलंय. त्याची भरपाई कोण देतंय?"

आमचं असं जुंपलं असताना तानूबाई मात्र अजून हसली नव्हती. माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "ही धाकली. मग थोरली कुटं हाय?"

गावात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण सगळ्यांना माहीत होतं.

"गेली," मी म्हणालो. "मागच्या पावसात."

पिराजीनं शिंगाचा विषय सोडला. डोक्यावरचं पागोटं जरा मागं सारून तो जमिनीकडे बघत बसला.

"दार तीच पुसायची," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. "मी नुसतं पुढं चालवलं."

तानूबाईनं टोपलीकडे बघितलं. "अहेव गेली म्हंजे. कुंकवासकट."

"हो."

"मग ही ओटी तिचीच हाय. ह्या घरच्या बाईसाठी काढली, आता माघारी नेत न्हाई. कुटं बसायची ती?"

मी पुढच्या डाव्या सीटकडे बोट केलं. दार उघडत नव्हतं. तानूबाई माझ्या बाजूनं आत शिरली. आयुष्यात पहिल्यांदाच मोटारीत बसत असावी, आधी एक गुडघा टेकवला, मग दुसरा ओढून घेतला. तिनं सीटवर हळद-कुंकू वाहिलं, खण ठेवला, खणावर नारळ, बाजूला बांगड्या. ते झालं आणि मागं सरकताना तिचं कोपर नेमकं भोंग्यावर पडलं.

धाकलीचा भोंगा शेठच्या वेळेपासून मोठा होता. करडू उडालं ते थेट ओढ्यापर्यंत. तानूबाई किंचाळून स्टेअरिंगलाच मिठी मारून बसली, त्यामुळे भोंगा थांबेना. पिराजी करडामागं पळाला, मी तिचं कोपर सोडवायला गेलो, आणि तेवढ्यात रंभाकाकी आली.

तिनं गाडीत बसलेली बाई बघितली, सीटवरचा हिरवा खण बघितला, मला बघितलं.

"काय रं जयसिंगा," ती म्हणाली, "तिसरी आणलीस का काय?"

रत्ना गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. थांबवता येईना इतका हसलो. तानूबाईही मग स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागली, आणि भोंगा पुन्हा वाजला.

काकीला सगळी हकिकत सांगितली. ती पायरीवर बसली आणि दोन्ही बाजू ऐकल्यासारखं करून निकाल देऊन मोकळी झाली.

"पिराजी, दोष तुज्या एडक्याचा हाय. दार करून द्यायला तुज्याकडं पैसा न्हाई, ते मला दिसतंय. दार मी करून देती. त्याबद्दल तुजी मेंढरं माझ्या खाचरात बसव, आन् धान्य मागू नगंस."

"घोटवड्याला शबूद दिलाय, काकी."

"घोटवड्याची माणसं आठ दिस उशिरानं मरत न्हाईत. त्यांना सांग, एडक्याची कोरट-कचेरी चालली हाय."

"आन् शिंग?"

"शिंगाला हळद लाव. बायकूनं आणलीया की."

मी म्हणालो, "काकी, म्हणजे पैसे तुझे आणि खतही तुझं. यात माझी भरपाई कुठली?"

"तुला दार मिळतंय न्हवं? आन् माझी पोरगी तुज्या गाडीतनं जाती म्हणल्यावर मला दाराची काळजी. गप ऱ्हा."

तानूबाई गाडीतून उतरली होती. ती म्हणाली, "पयल्या राती मेंढरं ह्यांच्या खाचरात बसतील. थोरलीच्या. मग तुमच्याकडं."

"त्याच्या खाचराला खत कशाला?" काकी म्हणाली. "त्यो काय पेरणार हाय? बटाटं?"

त्या रात्री मेंढरं रत्नाच्या खाचरात बसली, आणि खत पडलेलं रान पुन्हा मोकळं ठेवायला मला लाज वाटली. पुढच्या आवणीला मी भात लावला. ओळी वाकड्या आल्या. काकी त्या अजून दाखवते लोकांना.

मिस्त्रीनं दार नवं करून दिलं. रंग काळाच होता, पण बाकी गाडीच्या काळ्याला जरा मिळत नव्हता. मी खोबरेल तेलाचं फडकं घेऊन बसलो. दोन-तीन दिवसांत त्यात आंबा दिसायला लागला. पिराजीनं ते लांबून बघितलं आणि हात जोडून आला.

"दादा, आमचा तळ हाय तवर तुमच्या धाकलीला पदर घ्यायला सांगा की. आमचा एडका लई तापट हाय. परकी बाई तोंड उघडं टाकून उभी ऱ्हाती, त्याला सोसत न्हाई."

झाकायला मोठं कापड हवं होतं. रत्नाची पेटी मी उघडली नव्हती, ती उघडली आणि वरचंच एक हिरवं लुगडं काढून दारावर टाकलं. येणारे-जाणारे विचारत, "तात्या, धाकली लाजायला कदी लागली?" मी सांगायचो, "दीर आलेत बाहेरगावचे."

जयाच्या पाठवणीच्या दिवशी लुगडं काढलं, घडी करून पेटीत ठेवलं आणि गाडीला आंब्याचे डहाळे बांधले. मेंढरं दोन दिवस आधीच घोटवड्याला गेली होती. काकीनं तानूबाईला मात्र लग्नाच्या जेवणासाठी ठेवून घेतलं होतं. मागच्या सीटवर जया, तिची पाठराखीण आणि सामान बसलं, तिथं आणखी जागा उरली नाही. तानूबाईला वाटेत घोटवड्याला सोडायचं होतं. ती पुढच्या दाराशी उभी राहिली, पण हात लावला नाही.

काकीला माझं मोडक्या सीटचं कारण ठाऊक होतं. ती मागच्या सीटवरचं सामान पुन्हा नीट लावू लागली.

"बसू का, दादा?" तानूबाईनं विचारलं. "का चालत जाऊ? लांब न्हाई."

मी उतरलो, वळसा घालून पलीकडे गेलो आणि दार उघडलं. नवीन होतं, जरा घट्ट होतं.

"बसा," मी म्हणालो. "दार जोरानं ओढून घ्या. आणि कोपर भोंग्यापासून लांब ठेवा."